ठाण्यातलं ॲब्रॉड कौन्सेलिंग आणि लेकीचं ‘सेफ’ कॉलेज : ५ पैकी २ स्टार

लेकीच्या ॲडमिशनसाठी आम्ही ठाण्यात एका ॲब्रॉड कौन्सेलिंगवाल्यांकडे पैसे भरले होते. ऑफिस नौपाड्यात आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ओळखीतल्या दोघीतिघींचे दुसरीकडचे अनुभव ऐकले तर तिथेही हेच चाललंय. माझ्यासारखे बाकीचे आईबाप पहिला हप्ता भरायच्या आधी वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पॅकेज दीड लाखाचं, तीन हप्ते, त्यात दहा कॉलेजांचे अर्ज, निबंध तपासून देणं आणि व्हिसाची तयारी. पहिल्या मीटिंगला सरांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर एक एक्सेल शीट उघडली. लाल रंग म्हणजे ड्रीम, पिवळा म्हणजे टार्गेट, हिरवा म्हणजे सेफ. मुलीला काय आवडतं, कशात गती आहे, हे विचारायच्या आधी त्यांनी एका कॉलमवर क्लिक करून सगळी शीट वरखाली लावून घेतली, आणि तो कॉलम होता ॲक्सेप्टन्स रेटचा, म्हणजे अर्ज केलेल्यांपैकी किती टक्के मुलांना घेतात तो आकडा. चार टक्केवालं वर, साठ टक्केवालं खाली, रंग आपोआप बदलले. बास, दहा मिनिटांत लिस्ट तयार.

माझ्या मुलीला इतिहास आणि साहित्य शिकायचंय, अकरावीपासून ठरलेलं. तिने स्वतः महिनाभर शोधून एक नाव काढलं होतं, युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस, टेक्सासमध्ये अर्विंगला आहे, छोटी कॅथलिक युनिव्हर्सिटी, पदवीची मुलं जेमतेम दीड हजाराच्या आसपास. सर म्हणाले, “मॅम, हे तर येईल त्याला घेतात, नाव कोणाला माहितीये? सेफमध्ये टाकू, नाहीतर राहू दे.” मुलगी काही बोलली नाही, खाली बघत बसली. घरी येऊन त्यांनी मेल केलेली शीट उघडली तर त्या कॉलेजपुढे शहर लिहिलेलं रिचर्डसन! अहो, रिचर्डसनला आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलस, जिला सगळे यूटीडी म्हणतात, ती सरकारी आणि प्रचंड मोठी, आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे एमएसला जातात. म्हणजे ज्या कॉलेजला त्यांनी दहा सेकंदांत हिरवा रंग लावला ते कुठलं कॉलेज आहे हेच त्यांनी बघितलं नव्हतं. मला त्या दिवशी खरंच खूप राग आला, पैशांपेक्षा मुलीच्या महिनाभराच्या मेहनतीचं वाईट वाटलं.

आता थोडं त्या आकड्याबद्दल, कारण मीही आधी तेच समजत होते जे बहुतेक आपण मराठी आईबाप समजतो. आपण अकरावीच्या कटऑफवर वाढलेली माणसं. बांदोडकरची लिस्ट कितीला लागली, झेवियर्सची कितीला क्लोज झाली, यावरून कॉलेज केवढं मोठं ते ठरवायचं. कटऑफ म्हणजे आत गेलेल्या शेवटच्या मुलाचे मार्क, त्यातून निदान आत कशी मुलं बसलीत याचा अंदाज तरी येतो. ॲक्सेप्टन्स रेट हा कटऑफ नाहीये! तो फक्त सांगतो की दाराबाहेर रांग केवढी होती. रांगेत कोण उभं होतं आणि आत गेल्यावर काय शिकवतात, यातलं काही त्या आकड्यात नसतं.

आणि रांग वाढवता येते. अमेरिकेत कॉमन ॲप नावाचा एकच ऑनलाइन फॉर्म आहे, १९७५ साली १५ कॉलेजांनी सुरू केला, आता हजाराच्या वर कॉलेजं त्यात आहेत आणि एक मूल त्यातून वीस कॉलेजांना अर्ज करू शकतं. पूर्वी चार-पाच ठिकाणी करायचे, आता पंधरा-वीस ठिकाणी करतात, जागा तेवढ्याच, मग टक्का पडणारच ना. शिकागो युनिव्हर्सिटीचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. वीसेक वर्षांपूर्वी ती साधारण ४० टक्के अर्जदारांना घ्यायची, नंतर कॉमन ॲपवर आली, मुलांना भरपूर पत्रं-माहितीपत्रकं पाठवायला लागली, आणि आज आकडा ५ टक्क्यांच्या आसपास आलाय. मग वीस वर्षांपूर्वी तिथे वाईट शिकवत होते का? नोबेल मिळालेली माणसं तेव्हाही तिथे होतीच की. रँकिंग काढणाऱ्या यूएस न्यूजनेसुद्धा २०१८ मध्ये ॲक्सेप्टन्स रेट आपल्या फॉर्म्युल्यातून काढून टाकला. पण आमच्या नौपाड्याच्या शीटमध्ये तो अजून पहिला कॉलम.

छोट्या कॅथलिक कॉलेजांचं तर गणितच वेगळं. तिथे उगाच हौस म्हणून कोणी अर्ज करत नाही, ज्याला तसलंच शिक्षण हवंय तोच करतो, त्यामुळे रांग मुळात छोटी आणि बरीचशी आधीच चाळलेली. त्यात घेतलेली सगळी मुलं येत नाहीत, जितके टक्के येतात त्याला ते यील्ड म्हणतात. समजा ४०० जागा आहेत आणि बोलावलेल्यांतली चौथा हिस्साच मुलं येतात, तर कॉलेजला १६०० जणांना हो म्हणावं लागतं. बाहेरून दिसतं “सगळ्यांना घेतात”, आत वर्ग मात्र तेवढाच राहतो.

मग मी आणि मुलगी दोघींनी बसून युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसची माहिती काढली, आणि हे काम खरं तर आम्ही ज्याचे पैसे दिले त्यांचं होतं. १९५६ साली सुरू झाली. हंगेरीतून कम्युनिस्ट राजवटीमुळे बाहेर पडलेले सिस्टर्शियन पंथाचे साधू तिथे सुरुवातीपासून शिकवायला होते, त्यांचा मठ आजही शेजारीच आहे. तिथे कोअर नावाचा अभ्यासक्रम आहे, तुम्ही बायोलॉजी घ्या की इकॉनॉमिक्स, साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, धर्मविचार हे सगळ्यांना शिकावंच लागतं, आणि सगळे तीच पुस्तकं वाचतात, त्यामुळे कँटीनमध्ये केमिस्ट्रीवाला आणि हिस्टरीवाली एकाच ग्रीक महाकाव्यावर भांडू शकतात. माझ्या लेकीला नेमकं हेच हवं होतं! दुसऱ्या वर्षी बरीचशी मुलं एक सेमिस्टर रोमजवळच्या त्यांच्या स्वतःच्या कॅम्पसवर जातात, हा प्रोग्राम १९७० पासून आहे. फाय बीटा कॅपा म्हणून अमेरिकेतली जुनी मानाची संस्था आहे, तिचा चॅप्टर अगदी थोड्या कॉलेजांना मिळतो, इथे तो आहे. आणि बिझनेस कॉलेजचं नाव काय, तर सतीश आणि यास्मिन गुप्ता कॉलेज ऑफ बिझनेस, याच युनिव्हर्सिटीत शिकलेल्या जोडप्याने देणगी दिली म्हणून. सरांनी वेबसाइट एकदा उघडली असती तरी हे दिसलं असतं.

म्हणजे रेप्युटेशन नाही असं नाही, ते कुठे आहे हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांत आणि हे विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांत नाव आहे, ठाण्यात नाही. इथे परत येऊन नोकरी शोधली तर एचआरवाल्यांना समजावून सांगावं लागेल, हे मी मान्य करते आणि मुलीलाही तसं स्पष्ट सांगितलंय. इंजिनिअरिंग करायचं असेल तर हे कॉलेज तुमच्यासाठी नाही. बायबल आणि पाश्चात्य धर्मविचार असे दोन कोर्स सक्तीचे आहेत, ते ज्याला नको त्याने जाऊ नये.

यावरून नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. आत्याबाई म्हणाल्या कॅथलिक म्हणजे धर्म बदलायला लावतील का गं. मी म्हटलं आत्या, तुमच्या लेकाला मासुंद्याच्या काठी सेंट जॉन शाळेत घातला तेव्हा नाही विचारलंत. मुंबईचं झेवियर्स १८६९ पासून जेसुइट फादरांचं आहे आणि आपल्यातली किती माणसं तिथून शिकून आली. तरी त्यांची शंका चुकीची नव्हती, विचारायलाच हवी. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला कॉमन डेटा सेट सापडला.

हे मात्र नीट वाचा, फुकट आहे. बरीचशी अमेरिकन कॉलेजं दरवर्षी एका ठरलेल्या साच्यात आपली माहिती देतात, त्याला कॉमन डेटा सेट म्हणतात, कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून सर्च केलं की बहुतेक वेळा मिळतो. सी विभागात ॲडमिशन. अर्ज किती आले, किती जणांना घेतलं, त्यातली किती मुलं प्रत्यक्ष आली हे सगळं, आणि सी ७ मध्ये एक तक्ता असतो, त्यात कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते लिहिलेलं असतं, मार्क, निबंध, शिफारसपत्र, आणि धर्माचीही एक ओळ असते. ती ओळ बघायची, मग आत्यांना उत्तर द्यायचं. बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली आणि सहा वर्षांत किती जणांनी पदवी पूर्ण केली. एच मध्ये आर्थिक मदत, त्यात परदेशी मुलांना मिळते का ते वेगळं दिलेलं असतं, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच. आय मध्ये वर्गात किती मुलं असतात आणि एका शिक्षकामागे किती. आम्ही दोघी तीन रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर बसून आठ कॉलेजांचे हे कागद वाचले, मुलीने वहीत उभे रकाने आखून आकडे उतरवले, आणि आमची लिस्ट सरांच्या लिस्टपेक्षा पूर्ण वेगळी निघाली. सरांच्या पिवळ्या रंगातली दोन कॉलेजं तर परदेशी मुलांच्या मदतीचा रकाना बघूनच आम्ही खोडली.

पुढच्या मीटिंगला ती वही घेऊन गेलो. सर वाईट माणूस नाहीत, त्यांनी वही बघितली, शहराची चूक कबूल केली, पण मग म्हणाले की मॅम, आमच्या बोर्डवर सिलेक्शन लावतो ना आम्ही, पालक ते नाव बघून येतात. मला वाटतं अडचण इथेच आहे. बोर्डवर शोभेल असं कॉलेज आणि मुलीला मानवेल असं कॉलेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दीड लाख आम्ही दुसऱ्या गोष्टीसाठी दिले होते.

चांगलं काय होतं तेही सांगते. निबंध बघणारी मुलगी उत्तम होती, पंचविशीची असेल. माझ्या लेकीने आजोबांच्या कळव्याच्या जुन्या घरातल्या ट्रंकेबद्दल लिहिलं होतं, त्यात दुसऱ्या कोणी मोठे मोठे शब्द घुसवले असते, हिने उलट खोडले. “ट्रंक उघडल्यावर वास कसला आला ते लिही” म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर सगळा निबंध उभा राहिला. अर्ज वेळेत गेले, एकही डेडलाइन चुकली नाही. ऑफिस स्वच्छ, फोन उचलतात.

मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसकडून होकार आला, स्कॉलरशिपसकट. सरांच्या लाल लिस्टमधल्या दोघांकडूनही नकार आला, पण तिने मेल उघडले, वाचले आणि बंद केले. १ मेच्या आत डिपॉझिट भरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मेसेज आला, अजून वेटलिस्टसाठी प्रयत्न करूया का, थोडं मोठं नाव मिळेल. मुलीने स्वतःच उत्तर दिलं, “नाही सर, मला इथेच जायचंय.”

दोन स्टार देतेय, एक त्या निबंधवाल्या मुलीसाठी आणि एक वेळेवर गेलेल्या अर्जांसाठी. तुम्ही जाणार असाल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका, फक्त निबंधाचं घ्या, ते वेगळं देतात, विचारावं लागतं. कॉलेजांची लिस्ट घरी बसून करा. आमची वही हवी असेल तर कळवा, फोटो काढून पाठवते, सध्या ती मुलीच्या टेबलवरच आहे, बीकेसीच्या व्हिसा इंटरव्ह्यूची तारीखही तिने त्याच्याच मागच्या पानावर लिहून ठेवलीये.