शब्द अडला की आधी कोणता कोश उघडावा?

मोल्सवर्थच्या ऑनलाइन मराठी-इंग्रजी कोशात 'नाव' टाका. समोर होडी येते. माणसाचं नाव हवं असेल तर 'नांव' असं टिंब देऊन लिहावं लागतं. कोश १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचा आणि लेखनातले अनुच्चारित अनुस्वार गेले १९६२च्या नियमांनी. म्हणून 'करणे' नव्हे 'करणें', 'गाव' नव्हे 'गांव', 'काही' नव्हे 'कांहीं'. "यात तर शब्दच नाहीत" म्हणणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं.

मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, बर्नसन आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे पाचही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर फुकट आहेत. निवड करायची ती हातात कुठलं वाक्य आहे ते पाहून.

मराठीतून इंग्रजीत भाषांतर करत असाल तर मोल्सवर्थ. छटा बारीक, वाक्प्रचार भरपूर. कंसात एस असेल तर शब्द संस्कृत, पी असेल तर फारसी, ए असेल तर अरबी. त्याचं इंग्रजी मात्र दीडशे वर्षांहून जुनं, त्यामुळे अर्थ घ्यावा, प्रतिशब्द उचलू नये.

अर्थ मराठीतच हवा आणि शब्द कुणी वापरलाय याचा पुरावाही हवा, तर दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ला तोड नाही. पुण्याच्याच महाराष्ट्र कोशमंडळानं तो १९३२पासून खंडशः काढला. (सदाशिव पेठेतल्या माणसाला तो आज शिकागोमार्गे लवकर सापडतो!) अर्थापुढे 'ज्ञा' दिसलं तर ज्ञानेश्वरी, 'तुगा' दिसलं तर तुकारामगाथा. कंसातलं 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'गो.' म्हणजे गोमंतकी. ग्रामीण कथेतला शब्द अडला तर हाच उघडावा. अडचण मांडणीची आहे: मोठ्या शब्दाची नोंद एकसलग परिच्छेदात कोंबलेली असते आणि वाक्प्रचारांत मूळ शब्दाच्या जागी नुसतं '०' असतं. 'हात मारणे' शोधून काही मिळत नाही. 'हात' उघडायचा आणि खाली '०मारणें' गाठायचं. पहिले दोन-तीन अर्थ वाचून थांबलात तर हवा तो बहुधा सुटतोच.

वझ्यांचा १९११चा कोश शालेय आहे, घाईत चालतो. बर्नसनचा कोश मराठी शिकणाऱ्यांसाठी, रोजच्या शब्दांचा. हिंजवडीत नोकरीला आलेल्या अमराठी सहकाऱ्याला हाच पाठवा, मोल्सवर्थ पाठवून घाबरवू नका. तुळपुळे-फेल्डहाउस (१९९९) फक्त जुन्या मराठीसाठी. लीळाचरित्र किंवा यादवकालीन शिलालेख समोर नसेल तर त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

सरकारी किंवा शास्त्रीय परिभाषेला यातला एकही उपयोगाचा नाही. तिथे भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. विषय पाहिल्याशिवाय मात्र शब्द उचलू नये: 'ऑर्डर'ला प्रशासनात आदेश म्हणतात आणि जीवशास्त्रात गण.

कुठून सुरुवात करायची हेच ठरत नसेल तर 'बृहद्कोश' ही साइट बघा. एका शोधात अनेक कोशांतल्या नोंदी एकाखाली एक येतात, तुलना आपोआप होते. नेमकी नोंद शांतपणे वाचायला मग मूळ कोशाकडे जावं.

कोश कुठलाही असो, विभक्तीचं रूप टाकू नये: 'पाण्याचा' नव्हे 'पाणी', 'गेला' नव्हे 'जाणे' (जुन्या कोशांत 'जाणें'). आणि 'ऱ्या' असलेला शब्द कुठून तरी चिकटवला आणि सापडला नाही, तर दोष शब्दाचा नसतो. हे अक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवलं जातं, डोळ्यांना सारखंच दिसतं. अशा वेळी त्याच्या आधीची अक्षरंच टाइप करायची आणि येणाऱ्या यादीतून शब्द निवडायचा.