सीए इंटर: दोन्ही ग्रुप एकदम की एकेक?

सीए (चार्टर्ड अकाउंटंट) व्हायच्या वाटेवरची मधली परीक्षा म्हणजे इंटर. सोलापूरच्या नवी पेठेतल्या चहावर हा वाद कायम चालतो. सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरला किमान 40 आणि ग्रुपला 300 पैकी 150 लागतात. एकच ग्रुप दिला अन् तिन्ही पेपरात पन्नासच्या आत अडकला तर 140 ला पण नापासच की. पण दोन्ही एकदम दिले तर एकात 140, दुसऱ्यात 165, बेरीज 305, आणि एकाही पेपरला 40 च्या खाली नाही, तर दोन्ही पास! हा फायदा लय मोठाय, लोक विसरतात. शिवाय एखाद्या पेपरला 60 पडले तर पुढचे तीन अटेम्प्ट त्या पेपरातनं सुटका.

एकेक दिला तर टॅक्सेशनला निवांत वेळ मिळतो, नोकरी करणाऱ्यांना तेच बरं, पण आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन्ही ग्रुप सुटल्यावरच, म्हणजे लांबण. आता वर्षात तीनदा परीक्षा असते, त्यातला जानेवारीचा अटेम्प्ट नेमका सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, घरचे सगळे जत्रेला अन् आपण कॉस्टिंगचा पेपर घेऊन (वर कडक भाकरी, शेंगाचटणी). मी तरी दोन्हीच म्हणेन, फक्त सहा महिने पूर्ण मोकळे असतील तर.