अनोळखी सेज: पाकळीच्या रंगापेक्षा फुलाचं बूड बघा

बागेत न लावलेलं रोप उगवलंय, पान चुरगळलं की वास येतो आणि कुणीतरी "हे सेज आहे" असं सांगून मोकळं झालंय. ते खायचं, नुसतं शोभेला ठेवायचं की उपटून टाकायचं, हे एवढ्यावर ठरत नाही. सेज म्हणजे साल्व्हिया, आणि या वंशात जवळपास १,००० जाती आहेत. स्वयंपाकातली त्यातली एक. चियाचं बी देणारी आणखी एक, त्यामुळे सांडलेल्या चियातूनही अचानक एखादं "अनोळखी सेज" वर येऊ शकतं.

आधी ते साल्व्हिया आहे का, ते बघू. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं ही खूण सगळेच सांगतात, पण ती अपुरी आहे. तुळस आणि पुदिना तिच्यात बसतात. कुळ वेगळं असूनही घाणेरी बसते. घाणेरीचं पानही खरखरीत आणि उग्र वासाचं. फरक फुलांत आहे. घाणेरीची बारीक फुलं चपट्या गुच्छात येतात, त्यांना वरचा-खालचा ओठ नसतो, मागाहून काळी फळं धरतात आणि खोडावर बहुधा बारीक काटे असतात. सेजच्या फुलाला दोन ठळक ओठ असतात, आणि फळाच्या जागी फुलाच्या कुपीत तळाशी जास्तीत जास्त चार कोरडे दाणे. तुळस की सेज, हा प्रश्न पुंकेसर मोजून सुटतो: तुळशीला चार, साल्व्हियाला दोन. स्वयंपाकाच्या सेजचं फूल हाती लागलं तर गवताची बारीक काडी घशात सरकवून बघा. आतल्या तरफेला धक्का बसतो आणि परागकोश वरून खाली झुकून काडीला टेकतात. मधमाशीच्या पाठीवर पराग असाच लागतो. लाल, पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच फुलांत ही तरफ चालत नाही, त्यामुळे काडीची परीक्षा फसली म्हणून रोप लगेच बाद करू नका.

लाल फुलं असतील तर गोंधळ सर्वांत मोठा, आणि फोनमधली झाडं ओळखणारी ॲपही माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. पाकळी सगळ्यांचीच लाल. म्हणून निदलपुंज बघा, म्हणजे फुलाच्या बुडाची कुपी. कुपीही फुलाइतकीच लालभडक असेल आणि पाकळी गळल्यावरही तुरा रंगीत दिसत असेल, तर तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स, वाफ्यांत लावतात तो. कुपी हिरवी किंवा जांभळट आणि पुंकेसर ओठाच्या बाहेर डोकावणारे असतील तर बहुधा साल्व्हिया कॉक्सिनिया. हा आपल्याच बियांनी पसरतो, त्यामुळे न लावता आलेल्या लाल सेजमध्ये माझा पहिला संशय याच्यावर. या दोघांच्या पानाला सांगण्यासारखा सुवास नाही. पान चुरगळताच अननसाचा वास आला तर मात्र प्रश्नच मिटला: तो साल्व्हिया एलिगन्स, मूळ मेक्सिकोचा. त्याची पानं-फुलं खातात. चौथा दावेदार काटक्यांसारख्या फांद्यांचं, बारीक पानांचं झुडूप. पानाची कड दातेरी असेल तर मायक्रोफिला, सरळ आणि पान अरुंद असेल तर ग्रेगी. दोघांचे संकर इतके आहेत की मधल्याच रूपाचं झुडूप निघालं तर नावासाठी फार झुरू नये. 'हॉट लिप्स' या वाणाच्या एकाच झुडपावर तर लाल, पांढरी आणि दुरंगी अशी तिन्ही फुलं दिसतात.

निळ्या-जांभळ्या गटात काम सोपं आहे. कुपीवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी लव असेल तर फॅरिनेशिया. फूल मोठं, गडद निळं आणि कुपी जवळजवळ काळी असेल तर ग्वारानिटिका, बहुधा 'ब्लॅक अँड ब्लू' वाण. जांभळी मखमली कुपी, तिच्यातून बाहेर येणारं पांढरं फूल, लांब अरुंद पान आणि पानाखाली पांढरी लोकर, हा ल्युकँथा. चियाची फुलं या सगळ्यांहून लहान आणि दाट कणसात दाटीवाटीनं बसलेली.

स्वयंपाकाचं सेज, साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, मात्र फुलाशिवायही ओळखू येतं. राखाडी-हिरवं लांबट पान, पृष्ठभाग बारीक खडे पेरल्यासारखा, बुडाशी लाकडासारखं झालेलं खोड, उंची साधारण ६० सेंटीमीटर आणि कापरासारखा वास. लँब्ज इअर या शोभेच्या रोपाचं पान याहून मऊ, पण वासाच्या नावानं शून्य. तरी चवीपुरतीच पानं घ्या; यातला थुजोन हा घटक मोठ्या मात्रेत झटके आणू शकतो, आणि सेजचं तेल पोटात घेण्याची वस्तू नव्हे.

फूल नसलेला, जमिनीलगतच्या मोठ्या, सुरकुतलेल्या, लवदार पानांचा चक्राकार झुबका असेल तर तोंडात काहीही घालू नका. तो क्लेरी सेज असू शकतो आणि डिजिटॅलिसही, म्हणजे हृदयावर घातक परिणाम करणारं विषारी झाड. दोघंही बहुधा पहिल्या वर्षी फक्त पानं काढतात. क्लेरीच्या पानाला तीव्र वास असतो, डिजिटॅलिसला सुवास नाही. दुसऱ्या वर्षी दांडा वर आला की खात्री होते: क्लेरीच्या चौकोनी दांड्यावर पानं समोरासमोर, डिजिटॅलिसच्या दांड्यावर एकाआड एक.

बाकीच्यांत फुलाची वाट बघण्यात नुकसान काही नाही. एलिगन्स, ल्युकँथा आणि चिया दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात. म्हणून लांब दिवसांत रोप नुसतंच वाढतंय असं वाटून त्याचे शेंडे खुडत बसू नका, आणि रात्रभर उजेड देणारा दिवा त्याच्या डोक्यावर असेल तर तो आधी बंद करा.