काका की मामा? हरवलेलं नातं शोधणाऱ्या डीएनए किटचं परीक्षण

हरवलेल्या नातेवाइकांच्या प्रेम-रहस्यकथांत गेल्या काही वर्षांत एक नवं पात्र शिरलं आहे: लाळेची नळी. जे काम पूर्वी अर्ध्या फाटलेल्या फोटोनं किंवा दंडावरच्या जन्मखुणेनं व्हायचं, ते आता टपालानं येणारा एक छोटा डबा करतो. नायिका नळीत थुंकते, चार पानांनी फोन वाजतो आणि पडद्यावर येतं, ‘सख्खा भाऊ’. ज्याच्यावर जीव जडला तोच भाऊ निघतो की काय, या भीतीवर अख्खी कादंबरी पेलली जाते. म्हणून या किटचं परीक्षण दोन्ही बाजूंनी करायला हवं: खरंच कुणाला शोधायचं असेल तर ते किती कामाचं, आणि कथेत घातलं तर कुठे तोंडघशी पाडतं. वस्तू चांगलीच आहे, जरूर घ्यावी. फक्त ती मोजमाप देते, त्या मोजमापावरून नातं आपल्यालाच लावावं लागतं.

डब्यात फारसं काही नसतं. काही कंपन्या लाळेची नळी देतात, काही गालाच्या आतून फिरवायचे बोळे. नळी असेल तर आधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम सगळं बंद. साधारण २ मिलिलिटर लाळ हवी असते आणि ती खुणेच्या रेघेपर्यंत फेस सोडून मोजायची. नमुने नाकारले जाण्याचं नेहमीचं एक कारण हेच, की रेघेला फेस टेकतो आणि लोक झाकण लावून मोकळे होतात. झाकणातलं द्रव लाळेत उतरलं की नळी हलवायची, म्हणजे नमुना प्रवासात टिकतो. पाठवण्याआधी नळीवरचा क्रमांक संकेतस्थळावर आपल्या नावे नोंदवायलाच हवा. तो राहिला तर प्रयोगशाळेला नळी मिळते, पण ती कुणाची हे कळत नाही. वयस्कांचं तोंड कोरडं पडतं, त्यांच्यासाठी बोळ्याचं किट बरं. ज्यांना दुसऱ्याचा अस्थिमज्जा मिळाला आहे त्यांनी मात्र ही चाचणी करू नये, कारण त्यांच्या लाळेत दात्याचा डीएनए येतो. (रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कुठेतरी टिपून ठेवावं.)

निकाल यायला काही आठवडे लागतात. कादंबरीतला तिसऱ्या दिवशीचा निकाल या किटचा असूच शकत नाही. दोनच माणसांचं पितृत्व तपासणाऱ्या प्रयोगशाळा काही दिवसांत उत्तर देतात, पण ती वेगळी चाचणी. तिथे थोड्याच ठिकाणच्या खुणा पाहतात, तर या किटमध्ये डीएनएवरच्या सहा-सात लाख जागा वाचल्या जातात. बापलेकांसाठी ती छोटी चाचणी पुरते. सावत्र भावंडांच्या बाबतीत मात्र तिचा निकाल पुष्कळदा अधांतरी राहतो, तिथे किटच घ्यावं.

आता मुख्य गोष्ट, आकडा. कंपनी तुमचा डीएनए तिच्याकडे चाचणी केलेल्या इतरांशी ताडून पाहते आणि जुळलेल्यांची यादी देते. तुमचा आणि यादीतल्या माणसाचा डीएनए किती लांबीपर्यंत सारखा आहे, हे सेंटीमॉर्गन या एककात येतं. पालक आणि अपत्य यांच्यात तो साधारण ३४०० ते ३५०० असतो, तिथे शंकेला जागा नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी २६०० च्या आसपास. चुलत, मामे, आते, मावस भावंडांत ८६६ च्या जवळपास, त्यांच्या मुलांमुलांत २२९, आणखी एक पिढी खाली ७३. या सरासऱ्या डीएनएवरून वंशावळ लावणारे अभ्यासक ब्लेन बेटिंजर यांनी लोकांकडून आकडे गोळा करून तयार केलेल्या, २०२० साली सुधारलेल्या तक्त्यातल्या आहेत आणि किट घेणाऱ्या प्रत्येकानं तो तक्ता शेजारी उघडा ठेवावा.

घोळ होतो तो १७५० ला. सावत्र भाऊ, सावत्र बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाची, आजोबा, आजी, नातू, नात ही सगळी नाती या एकाच आकड्याभोवती गोळा होतात. आपल्या भाषेत यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे, प्रत्येकाचं घरातलं स्थान निराळं आहे. यंत्राला काका आणि मामा एकच. कंपनीचं पान त्यातला एक अंदाज ठळक अक्षरात छापतं आणि पाहणारा तोच खरा धरतो. वयावरून थोडी चाळणी लागते. तुमच्याहून पाच वर्षांनी मोठा माणूस आजोबा नसणार, पण तो सावत्र भाऊ असेल किंवा आजोबांच्या उतारवयात झालेला काकाही असेल. आणि इथे ‘सावत्र’ म्हणजे आई किंवा वडील एक असलेला. वडिलांनी दुसरं लग्न केल्यावर नव्या बायकोबरोबर आलेला मुलगाही आपण सावत्रच म्हणतो, त्याचा आकडा शून्य येईल.

सख्खं की सावत्र, ही शंकाही नुसत्या बेरजेवर सोडू नये. सख्ख्यांचा पल्ला १६०० पर्यंत खाली येतो आणि सावत्रांचा २४०० च्या वर जातो. मधल्या पट्ट्यात आकडा आला तर कंपनीकडून आपल्या डीएनएच्या नोंदींची कच्ची फाइल उतरवून ती गेडमॅच या तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवावी आणि दोघांची थेट तुलना पाहावी. तिथे प्रत्येक गुणसूत्र एका आडव्या पट्टीसारखं दिसतं. गुणसूत्राच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) जुळल्या तिथे हिरवा, एकच जुळली तिथे पिवळा, काहीच जुळलं नाही तिथे लाल. आई आणि मूल यांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी. सख्ख्या भावंडांच्या पट्टीत हिरवे, पिवळे, लाल तुकडे एकमेकांत मिसळलेले. सावत्रांमध्ये हिरव्याचे मोठे तुकडे नसतात. ज्यांच्या आयुष्यात हा प्रश्न खराच आहे, त्यांना तो हिरवा तुकडा कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगून जातो. आई एक आणि वडील एकमेकांचे सख्खे भाऊ, अशी भावंडं मात्र दोन्हींच्या मधे, २२०० च्या आसपास पडतात आणि त्यांच्या पट्टीत थोडा हिरवाही असतो. कौटुंबिक गुपितांच्या कथांना याहून चांगला धागा मिळणं कठीण.

काका की मामा, हे ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे आईचाही नमुना घेणं. तो माणूस आईशीही जुळला तर आईकडचा, नाही जुळला तर वडिलांकडचा. आई हयात नसेल आणि दोन बहिणींचे वडील एकच का, अशी शंका असेल तर एक्स गुणसूत्र मदतीला येतं. वडिलांकडे एक्स एकच असतो आणि तो प्रत्येक मुलीला जसाच्या तसा मिळतो. म्हणून एका वडिलांच्या दोन मुली एक्सवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळल्याच पाहिजेत. मधेच तुटलं तर त्यांचे वडील एक नाहीत, बाकी आकडा काहीही म्हणो.

जिथे पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात लग्नं झाली, तिथे सगळेच आकडे फुगतात. लहान लहान तुकडे अनेक बाजूंनी जुळतात, बेरीज वाढते आणि लांबचा भाऊ जवळचा वाटतो. अशा वेळी बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा पाहावा; ७-८ सेंटीमॉर्गनहून छोटे तुकडे सोडून द्यावेत, त्यांतले बरेच योगायोगाचे असतात. दुसरी मर्यादा सरळ आहे: ज्यानं चाचणी केली तोच यादीत दिसणार. या याद्यांत युरोपीय वंशाचे लोक फार जास्त आहेत, त्यामुळे दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाच्या हाती पुष्कळदा दूरदूरची नावंच लागतात. काहीच जुळलं नाही म्हणजे जवळचं कुणी नाही, असा अर्थ काढू नये.

कथांमधली सर्वांत मोठी चूक कंगव्यातल्या केसाची. मुळाशिवाय गळलेल्या केसावरून नेहमीच्या प्रयोगशाळेत नातं लावता येत नाही आणि ही घरगुती किटं तर केस स्वीकारतच नाहीत. शिवाय ब्रिटनमध्ये २००४ च्या मानवी ऊती कायद्यानं एखाद्याचा डीएनए त्याच्या संमतीशिवाय तपासण्यासाठी जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरवला आहे. तिथे घडणाऱ्या कथेत नायिकेनं डीएनएसाठी कुणाचा उष्टा पेला चोरला तर त्याची किंमत तिला कथेतच मोजायला लावावी. मृत्युपत्राच्या खटल्यातही हे किट चालायचं नाही, कारण नळीत कोण थुंकलं याला साक्षीदार नसतो. रक्तगटाची जुनी युक्तीही बेतानंच वापरावी. एबी गटाच्या पालकाचं मूल ओ गटाचं नसतं हे एरवी खरं, पण १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट त्याला अपवाद आहे. हा दुर्मीळ गट असलेलं मूल साध्या तपासणीत ओ दिसतं आणि तरीही त्याच आईवडिलांचं असतं.

गोपनीयतेत गुण कापावे लागतात. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून निकाल आल्यावर कच्ची फाइल स्वतःकडे उतरवून घ्यावी आणि नमुना नष्ट करण्याची सोय असेल तर वापरावी. नातेवाईक जुळवण्याची खिडकी तुम्ही ठरवाल तेव्हाच उघडी करावी. ती उघडली की तुम्हीही समोरच्याला दिसता, आणि त्याच्या घरात अजून कुणाला काहीच ठाऊक नसेल.

जुळलेल्या माणसाला पहिला निरोप लहान लिहावा: आपण इतके जुळतो, माझ्या आईकडची आडनावं ही, तुम्हाला यातलं कुठलं ओळखीचं वाटतं का? ‘तुम्ही माझे वडील आहात’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं तर बऱ्याचदा उत्तर येत नाही आणि खातंही गायब होतं.

एकच किट घ्यायचं असेल तर स्वतःसाठी घेऊ नका, घरातल्या सर्वांत वयस्क माणसासाठी घ्या. त्यांचा डीएनए हरवलेल्या पिढीच्या एक-दोन पायऱ्या जवळ असतो. तुमच्याशी २२९ वर जुळणारं नाव आजीशी त्याच्या दुपटीहून अधिक जुळू शकतं. बोळ्याचं किट मागवा, काय तपासणार आणि काय बाहेर येऊ शकतं ते त्यांना आधी नीट सांगा, आणि त्यांनी होकार दिला तरच सकाळी, चहाच्या आधी, नमुना घ्या.