'फ्रेश रिस्टोर्ड' चँपमध्ये ३१,७५० डॉलर गेले – जुनं विमान घेणाऱ्यांनी आधी वाचा

आधी आकडे. ॲडव्हान्स ३,००० डॉलर, बाकीचे २६,५०० वायरने, प्रीबाय इन्स्पेक्शनचे (घेण्याआधी मेकॅनिककडून करून घेतात ती तपासणी) ४५०, आणि विमान उडवत ओहायोला आणून देणाऱ्या पायलटला पेट्रोलसकट १,८००. टोटल ३१,७५०. यातला एक डॉलरही परत आलेला नाही.

विमान म्हणजे एरोन्का ७एसी चँप, १९४६ सालचं, ६५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन, पुढेमागे दोन सीट. ही विमानं इथेच आमच्या ओहायोत मिडलटाऊनला बनायची, त्यामुळे लायसन्स मिळाल्यापासून डोक्यात चँपच होतं. जाहिरात दुसऱ्या राज्यातली. पूर्ण रिस्टोर केलेलं, नवीन कापड, नवीन रंग, 'नो डॅमेज हिस्टरी', इंजिन 'झिरो टाइम', म्हणजे तास शून्यापासून, नव्यासारखं. बाकी पद्धत सगळ्यांना माहितीच आहे, दुसरा गिऱ्हाईक रविवारी येतोय, तुम्ही मनापासून घेताय म्हणून थांबवून ठेवतो, थोडं टोकन टाका.

आता पंखांबद्दल, कारण सगळी लबाडी तिथेच होती. चँपचे स्पार, म्हणजे पंखाचे मुख्य आडवे दांडे, स्प्रूस लाकडाचे. त्यावर ॲल्युमिनियमच्या रिब्ज, म्हणजे फासळ्या, खिळ्यांनी ठोकलेल्या आणि वरून कापड. एकदा कापड चढलं की लाकूड दिसत नाही. म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला प्लास्टिकच्या रिंगा चिकटवतात, तपासणी करायची तेव्हा रिंगच्या आतलं कापड कापायचं, टॉर्च आणि आरसा आत घालून लाकूड बघायचं, मग झाकण लावायचं. या ७, ८ आणि ११ सिरीजच्या लाकडी स्पारसाठी तर एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याची, वेगळी एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे, २०००-२५-०२.

लॉगबुकात लिहिलं होतं, मार्चमध्ये नवीन कापड चढवलं, आणि जूनमध्ये एडीप्रमाणे दोन्ही पंखांचे स्पार तपासले, ठीक आहेत. सही, नंबर, सगळं. आणि मी विक्रेत्याच्या हँगरमध्ये पंखाखाली वाकून उभा, डोक्यावर त्या रिंगा, आणि एकाही रिंगच्या आतलं कापड कापलेलं नाही!! ढोलकीसारखं ताणलेलं अखंड कापड. मग जूनमध्ये स्पार बघितले कुठून? हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, आजही रात्री तेच आठवतं आणि डोकं भणाणतं. पण मी विचारलं होतं हो. म्हटलं ही भोकं बंद कशी? तो म्हणाला, अरे मित्रा, स्पार बाहेर काढलेले असतानाच बघितलेत, आता उगाच नवीन रंग कशाला खराब करायचा. बाजूला मेकॅनिक उभा, लायसन्सवाला, तोही मान डोलावतोय. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, ४५० डॉलर मोजून आणलेला मेकॅनिक गप्प असेल तर मी कुठल्या तोंडाने वाद घालणार? तो मेकॅनिक विक्रेत्यानेच सुचवलेला होता आणि त्याचा दोस्त होता हे मला नंतर कळलं. प्रीबायचा माणूस स्वतः शोधा, दुसऱ्या एअरपोर्टवरचा आणा, विमानाचं भाडं देऊन आणावा लागला तरी आणा. माझ्याकडे आलेल्याने इंजिनचं कॉम्प्रेशन बघितलं, टायर बघितले, पंखांना हातही लावला नाही.

उन्हाळाभर मी ते उडवलं. माझ्या मुलीला पुढच्या सीटवर बसवून उडवलं. हे लिहिताना अजून हात थरथरतात.

ॲन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, आमच्या इथल्या आयएने (ही तपासणी करायचा अधिकार असलेला मेकॅनिक) पहिलंच काम केलं, रिंगा कापल्या. बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा छोटा कॅमेरा, आत घातला आणि मला स्क्रीनजवळ बोलावलं. डाव्या पंखाला जिथे स्ट्रट (पंखाला खालून आधार देणारा तिरपा दांडा) जोडलाय तिथे प्लायवुडच्या पट्टीच्या कडेला केसाएवढी बारीक रेघ. लाकडाच्या रेषा लांबीने जातात, ही त्यांना आडवी. कॉम्प्रेशन क्रॅक, म्हणजे लाकूड दाबलं जाऊन पडलेला तडा. पंखाचं टोक जमिनीला आपटलं की असं होतं म्हणाला, आणि त्याच मिनिटाला विमान ग्राउंड केलं. नवीन स्पार आणि परत कापड धरून कोटेशन १४,२०० डॉलर.

मग मी एफएएच्या ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून विमानाची फाइल मागवली. तिच्यात १९७४चा फॉर्म ३३७ (मोठ्या दुरुस्तीची नोंद), ग्राउंडलूप झाल्यावर, म्हणजे जमिनीवर विमान गर्रकन फिरल्यावर, डावा पंख रिपेअर केल्याचा. ही फाइल मला सीडीवर दहा डॉलरला मिळाली, टोकन द्यायच्या आधी मागवा. लॉगबुकात ज्याची सही होती त्या मेकॅनिकलाही फोन लावला, तो म्हणाला मी त्या विमानाचं फक्त ऑइल बदललंय, हे अक्षर माझं नाही. आणि 'झिरो टाइम' इंजिन असं फक्त उत्पादक किंवा त्याने मान्यता दिलेलं दुकानच म्हणू शकतं, बाकी कोणीही म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

आता तक्रारीचं ऐका. विमान खात्याचं तिथलं ऑफिस म्हणतं आम्ही सेफ्टी बघतो, पैशाचं तुमचं तुम्ही बघा. अहो, खोट्या सहीवर तडकलेलं लाकूड हवेत गेलं, ही सेफ्टी नाही तर काय आहे? फोटो, पानं, त्या मेकॅनिकचं लेखी पत्र, सगळं पाठवलं, उत्तर आलं 'नोंद घेतली आहे', नंतर फोन केला की दरवेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून कथा. तडा कळल्यावरही मीच ते विमान तसंच उडवलं असतं तर हेच लोक माझं लायसन्स घ्यायला हजर झाले असते. विक्रेत्याच्या काउंटीचा शेरीफ म्हणतो हे सिव्हिल मॅटर. बँक म्हणते वायर तुम्हीच केलीत. स्मॉल क्लेम्सची (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) मर्यादा ओहायोत ६,००० डॉलर आणि माणूस दुसऱ्या राज्यात, वकील आधी ५,००० ठेवा म्हणतो, आणि बिल ऑफ सेलवर 'ॲज इज', म्हणजे आहे तसं घेतलं, लिहिलंय हे बघून त्याचाही चेहरा पडला. ते दोन शब्द असतील तर सही करू नका, किंवा लॉगबुकातल्या नोंदी खऱ्या असल्याचं वेगळं लेखी घ्या. पैसे एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या तटस्थ माणसाकडे, ठेवा. एस्क्रोला नाही म्हणणारा विक्रेता चोर समजा, मला कोणी उलट पटवून देऊ नका.

वकिलाला पैसे भरलेत, नोटीस गेली आहे. आणि त्या माणसाची नवीन जाहिरात गेल्या आठवड्यात परत आली आहे, पिवळं टेलड्रॅगर (शेपटाखाली चाक असलेलं विमान), नवीन कापड, पंखाखालून काढलेला एक फोटो. मोठा करून बघा, रिंगा आहेत, भोकं नाहीत. कोणी फोन करणार असाल तर पहिलं वाक्य हेच बोला, माझ्या मेकॅनिकसमोर रिंगा कापा, मग टोकनचं बोलू.