बोल्ट-ऑन, सेट नेक की नेक-थ्रू? पुण्याच्या हवेत वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो: गिटारच्या नेकचा (तारा दाबायच्या दांडीचा) बॉडीशी असलेला जोड आवाजासाठी निवडू नका, दुरुस्तीसाठी निवडा. कोरड्या उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत तीन गिटार आलटून पालटून वापरल्या. एक स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची बोल्ट-ऑन, म्हणजे नेक स्क्रूने जोडलेली, एक लेस पॉल (गिब्सनचं मॉडेल) धाटणीची सेट नेक, म्हणजे नेक ग्लूने चिकटवलेली, आणि एक नेक-थ्रू, म्हणजे नेकचं लाकूड बॉडीतून आरपार गेलेली. सस्टेन (सूर टिकून राहणं) तिन्हींत पुरेसा आहे. कानाला जो फरक कळतो तो मुख्यतः पिकअप (तारेचं कंपन टिपणारे चुंबक), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या भागाच्या लांबीचा). स्ट्रॅटची स्केल ६४८ मिमी, लेस पॉलची ६२८ मिमीच्या आसपास. तीच तार त्याच सुरात लावली तरी ताण वेगळा पडतो. त्याचं श्रेय जोडाला देणं दुकानदाराच्या सोयीचं आहे, इतकंच.

पुण्यात खरी परीक्षा हवेची. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तिशीच्या खाली जाते, जुलैत ऐंशीच्या वर. लाकूड आकसतं-फुगतं, नेकचा बाक बदलतो, अ‍ॅक्शन (तारांची नेकपासूनची उंची) हलते. पहिला उपाय नेहमी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट मोजायची; पाव मिमीच्या आसपास हवी. एका वेळी पाव फेरा, मग ट्यून करून पुन्हा मोजणी. हे तिन्ही गिटारना सारखंच लागू. ट्रस रॉड बरोबर असूनही अ‍ॅक्शन जमत नसेल, तर प्रश्न नेकच्या कोनाचा आहे. इथून तिघींच्या वाटा वेगळ्या होतात.

बोल्ट-ऑन हे नावच फसवं, कारण बहुतेक गिटारमध्ये बोल्ट नसून चार लाकडी स्क्रू असतात, साधारण ४.२ मिमी जाड आणि ४५ मिमी लांब. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास ही पद्धत कारखान्यात आणली ती नेक झटपट लावता-बदलता यावा म्हणून, आणि तिचा फायदा आजही तोच आहे. स्वस्त गिटारमध्ये नेहमी सापडणारा दोष म्हणजे बॉडीतली भोकं तंग असणं. स्क्रूचे आटे बॉडीतही रुतले, तर तो कितीही आवळा, नेक पॉकेटच्या (बॉडीतल्या खाचेच्या) तळाशी खेचला जात नाही. मध्ये केसाएवढी फट राहते. स्क्रू बॉडीतून हाताने ढकलला तरी आरपार जायला हवा आणि फक्त नेकमध्ये धरायला हवा. जात नसेल तर बॉडीतली भोकं साडेचार ते पाच मिमीच्या बिटने मोकळी करा. फक्त बॉडीतली, नेकमधली नाही! वरच्या पॉलिशचे टवके उडू नयेत म्हणून ड्रिल आधी उलट फिरवून पॉलिश कापून घ्यायचं. स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण ओल धरतो आणि पावसाळ्यात स्क्रू गंजतो.

नेकमधलं भोक सैल झालं असेल तर टूथपिक कोंबणं हा तात्पुरता इलाज. कडक लाकडाचा डॉवेल (गोल खुंटी) ग्लूने बसवा, रात्रभर सुकू द्या, मग मेपलच्या नेकमध्ये सुमारे ३.२ मिमीचं नवं भोक पाडा. बिटला टेपची खूण केल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर थेट फ्रेटबोर्डमधून (नेकच्या दर्शनी पट्टीतून) बाहेर. बिट, डॉवेल, स्क्रू हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत मिळतं. गिटारच्या दुकानात जायची गरज नाही.

शिमचं (नेकखाली घालायच्या पातळ तुकड्याचं) गणित फार कमी जण सांगतात. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) पूर्ण खाली नेऊनही तारा उंच राहत असतील, तर पॉकेटच्या ब्रिजकडच्या टोकाला शिम लागते. ०.५ मिमीची शिम घातली तर नेक सुमारे ०.४ अंशाने मागे कलतो आणि ब्रिजपाशी तारांची पातळी जवळपास पावणेदोन मिमी वर घ्यावी लागते. म्हणून सुरुवात पाव मिमीने करा. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा फक्त अंदाज घेण्यापुरता. तो तसाच ठेवला तर नेकच्या टाचेखाली पोकळी राहते, आणि ताणाखाली शेवटचे फ्रेट हळूहळू वर उचलले जाण्याचा धोका असतो. कोन ठरला की पॉकेटभर लांबीची, उताराची लाकडी शिम घासून बसवा. शेवटी तारा पूर्ण ट्यून करून चारही स्क्रू पाव फेरा सैल करायचे. बारीक ‘कट्’ आवाज आला तर नेक जागेवर बसला, मग पुन्हा आवळायचे. त्याच सैल अवस्थेत नेक किंचित डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही ई तारा (पहिली आणि सहावी) फ्रेटबोर्डच्या कडांपासून समान अंतरावर आणता येतात.

सेट नेक हातात घेतली की आवडतेच. मागे स्क्रूची प्लेट नाही, फट नाही. पण कोन कारखान्यात ठरला तो ठरला. ब्रिज पार खाली बसवलेला असेल तर ती गिटार घेऊ नका, भाव कितीही चांगला असो. नेक काढायचा म्हणजे वाफ देऊन ग्लू सोडवायचा, आणि त्यात पॉलिश जातंच. बऱ्याच गिटारची हील (नेकची टाच) जाड असते, अठराव्या फ्रेटपुढे अंगठा अडतो. बॉडीला नेक मिळतो तिथे पॉलिशमध्ये केसासारखी रेघ दिसली म्हणून घाबरू नका, हवामानाने ती येते. तारा ढिल्या करून नेक हलकेच दाबल्यावर रेघ उघडत असेल, तर मात्र जोड सुटलेला आहे. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत अशी गिटार ठेवणं म्हणजे ग्लूची परीक्षा पाहणं.

नेक-थ्रूमध्ये नेकचंच लाकूड डोक्यापासून शेपटीपर्यंत जातं आणि बॉडीचे दोन पंख बाजूंना चिकटवलेले असतात. रिकनबॅकर कंपनीचा १९५७ चा ‘४०००’ बास हे जुनं उदाहरण. वरच्या फ्रेटपर्यंत हात जितका सहज जातो तितका बाकी दोघींत नाही, आणि ऋतू बदलताना पाच-सात पट्ट्या जोडून केलेला नेक सगळ्यांत कमी हलला. पण नेक पिळला तर बदलायला काही नाही. सेकंड हँड घेताना ब्रिजकडून नटकडे (डोक्याजवळच्या, तारा टेकतात त्या खाचपट्टीकडे) एका डोळ्याने पाहा, नटची आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर आहे का ते तपासा. मग मालकाला विचारून ट्रस रॉडचा आवळायचा नट थोडा सैल करून पुन्हा आवळून बघा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर गिटार परत द्या.