गांडूळखत की डब्यातले साधे कंपोस्ट? सदनिकेत राहणाऱ्या बागप्रेमींसाठी एक तुलना

बाल्कनीत चार कुंड्या जोपासणारा माणूस कधी ना कधी घरच्या ओल्या कचऱ्याकडे वळतो आणि लगेच एका प्रश्नापाशी येऊन थांबतो : गांडुळे पाळावीत, की त्यांच्याविना, सूक्ष्मजीवांच्या भरवशावर, साधे कंपोस्ट करावे? मी पुण्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पश्चिमेकडे आहे आणि दोन्ही पद्धती मी तिथे शेजारी शेजारी ठेवून चालवल्या आहेत. भोके पाडलेला डबा, ओल्या कचऱ्यावर सुक्याचा थर, मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटेल इतपतच ओल, या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे गृहीत धरून लिहितो.

निव्वळ खताच्या प्रतीवर निकाल द्यायचा झाला, तर तो गांडूळखताच्या बाजूने द्यावा लागेल. चहाच्या पावडरीसारखे रवाळ, हाताला न चिकटणारे आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेले ते खत कुंडीत घालताना मन प्रसन्न होते. विशेषतः बी पेरण्यासाठी त्याला तोड नाही. टोमॅटो-मिरचीची कोवळी रोपे त्यात निर्धास्त वाढतात, कारण ते पुरते कुजलेले असते आणि मुळांना उष्णता लागत नाही. डब्यातले कंपोस्ट मात्र थोडे घाईने काढले, तर तेच काम बिघडवू शकते. वेळेच्या बाबतीतही गांडुळे पुढेच राहतात. व्यवस्थित बसलेल्या डब्यात ती दीड-दोन महिन्यांत खत देतात, तर साध्या कंपोस्टला दोन ते तीन महिने लागतात आणि थंडीत त्याहूनही अधिक. इतके असूनही माझ्या बाल्कनीत आज गांडुळांचा डबा नाही, आणि त्याचे कारण खतात नसून स्वयंपाकघरात आहे.

गांडूळ त्वचेने श्वास घेते आणि ती त्वचा सतत ओलसर असावी लागते. त्यामुळे मीठ, तिखट, तेल आणि आंबट रस यांचा त्याला थेट त्रास होतो. आता आपल्याकडच्या एका दिवसाचा ओला कचरा आठवून पाहावा : पिळलेल्या लिंबाच्या फोडी, मोसंबीच्या साली, कांद्या-लसणाची टरफले, ताटात उरलेली उसळ, कढईतला फोडणीचा चुरा, बरणीच्या तळाशी राहिलेला लोणच्याचा खार. यातले जवळजवळ काहीच गांडुळांना मानवत नाही. त्यांना आवडते ते निराळेच. कलिंगडाची साल पालथी ठेवली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती उचलताच खाली गांडुळांचा लालसर गुंता दिसतो आणि सालीचा पांढरा गर खालून पोखरला जाऊन वरचा हिरवा पापुद्रा तेवढा उरतो. त्याच डब्यात, वीतभर अंतरावर, संत्र्याची साल मात्र बुरशी धरून तशीच पडलेली असते आणि तिच्या आसपास एकही गांडूळ फिरकत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, घरात ओल्या कचऱ्याचे पुन्हा दोन भाग करावे लागतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर ओला कचरा, सुका कचरा आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपल्या घरांना लागली, आणि तीही पुष्कळ कुरकुरीनंतर. त्यात आणखी ‘गांडुळांना चालणारा’ आणि ‘गांडुळांना न चालणारा’ अशी फाळणी आली, की ओट्याशेजारी एक भांडे वाढते आणि त्याचबरोबर प्रत्येकाच्या डोक्यावर एक नियमही वाढतो. बागेची हौस घरात एकालाच असते, पण भाजी चिरणारे, ताटे घासणारे आणि कामाला येणाऱ्या मावशी हे सगळे त्या नियमाचे भागीदार होतात. रोज संध्याकाळी भांड्यातून लिंबे वेचून काढणे आणि ‘हे यात का टाकले’ असे कोणाला विचारणे, हा प्रकार मला मनापासून कंटाळवाणा वाटू लागला. शिवाय वेचून काढलेला कचरा शेवटी घंटागाडीतच जात असेल, तर अर्धाच हेतू साधतो. कोणाचे घर अधिक शिस्तीचे असेल, तर त्यांना ही अडचण क्षुल्लक वाटेल हे मान्य आहे. माझ्यापुरता मात्र निर्णय इथेच झाला.

साधे कंपोस्ट याबाबत कमालीचे सोशिक आहे. लिंबाच्या साली बारीक चिरून टाकल्या, उरलेल्या भाजीतला रस्सा निथळून घेतला आणि वरून मूठ-दोन मुठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळलेला पाला पसरला, तर ते निमूटपणे सगळे पोटात घेते. आंब्याच्या कोयी आणि शहाळ्यांची कवचे त्यालाही पचत नाहीत, पण ती बाजूला ठेवायला कोणाला शिकवावे लागत नाही. सणासुदीला हा फरक आणखी जाणवतो. गणपतीच्या दिवसांत दूर्वा, झेंडू, केवडा, पत्री यांचे निर्माल्य एकदम येते. गांडुळांच्या छोट्या डब्यात इतका ताजा हिरवा माल एका वेळी घातला, तर तो कुजताना तापतो आणि गांडुळे कडेला पळू लागतात. कंपोस्टच्या डब्यात तीच उष्णता कामाला येते.

उन्हाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे खतासाठी विकत मिळणारी आयसेनिया फेटिडा ही लाल गांडुळे साधारण 20 ते 30 अंशांत खुशीत असतात आणि 35 च्या वर ती संकटात सापडतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी भिंतसुद्धा तापते. ओले गोणपाट टाकून, जागा बदलून ती वाचवता येतात, पण मग नेमके सुटीत गावी जाताना त्यांची सोय कोणाकडे लावायची हा प्रश्न उभा राहतो. कुंड्यांना पाणी घालायला शेजारी आनंदाने तयार होतात, गांडुळांचे नाव काढले की जरा थबकतात. कंपोस्टचा डबा आठ-पंधरा दिवस कोणी पाहिला नाही, तर तो फार तर सुकतो आणि परत आल्यावर पाणी शिंपडले की पुन्हा कामाला लागतो.

खत काढण्याचे कामही सारखे नाही. गांडूळखत उजेडात ढीग करून ठेवावे लागते, गांडुळे खाली सरकतात तसे वरचे वरचे खत काढून घ्यावे लागते, आणि तरीही पिल्ले आणि लिंबासारख्या घाटाचे अंड्यांचे बारीक कोष त्यात राहतातच. ज्यांना हे काम विरंगुळ्याचे वाटते असे लोकही मला ठाऊक आहेत. कंपोस्ट चाळले, की जाडेभरडे पुन्हा डब्यात जाते आणि पुढच्या खेपेला तेच विरजण म्हणून उपयोगी पडते.

कंपोस्टचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात चिलटे येतात, आणि कधीतरी काळी सैनिक माशी अंडी घालून जाते, मग डब्यात राखाडी रंगाच्या जाड अळ्या वळवळताना दिसतात. त्या निरुपद्रवी आहेत, उलट कचरा झपाट्याने संपवतात, पण पाहुण्यांसमोर झाकण उघडू नये हे बरे. सुका माल कमी पडला तर डबा आंबूस वास मारतो, आणि सदनिकेत हा सुका माल सतत मिळवणे ही या पद्धतीची खरी अडचण आहे. कोकोपीट विकत घेण्याचा खर्च टाळायचा असेल, तर सोसायटीच्या आवारात झाडणाऱ्या काकांना सांगून ठेवावे. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत एक-दोन पोती पाला भरून ठेवला, तर तो पावसाळा संपेपर्यंत पुरतो.

तळमजल्यावर सावलीची जागा असेल, जवळपास गोठा असून आठ-दहा दिवस मुरलेले शेण सहज मिळत असेल आणि बागेचा पाला हाच मुख्य कचरा असेल, तर गांडूळखताचा मोह टाळण्याचे कारण मला दिसत नाही. माझ्यासारखी स्थिती असेल, तर बहुधा साधा डबाच सोयीचा पडेल. बी पेरण्यापुरते गांडूळखत मी रोपवाटिकेतून छोटी पिशवी आणून भागवतो. ती घेताना पिशवी उघडून वास घ्यावा : मातीचा वास आला तर घ्यावी, शेणाचा आला तर परत ठेवावी. डबा नव्याने सुरू करायचा असल्यास दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत, म्हणजे चिलटांचा जोर वाढण्याआधी तो स्थिरावलेला असतो, आणि आरंभी ओळखीच्या कोणाकडून ओंजळभर तयार कंपोस्ट मागून घ्यावे. ते न मिळाल्यास आंबट ताकात थोडा गूळ कालवून शिंपडल्यानेही काम सुरू होते.